जबाबातलं एक वाक्य

केबिन रोडच्या टायपिंग क्लासमध्ये हरिश्चंद्र पाटकरांनी अकरा वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले, पण कुणाच्या मजकुराला कधी हात लावला नाही. लावला तो एकदाच, पोटच्या पोरीच्या.

रसिका विमान चालवायला शिकत होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिचं छोटं विमान धावपट्टीवरून उठलं आणि माडाच्या उंचीवरून कोसळलं. शेजारी बसलेले तिचे शिक्षक व्हिन्सेंट जागीच गेले. रसिकाचा उजवा हात मोडला. चौकशीसाठी लेखी जबाब हवा होता, म्हणून खाटेवर पडून तिने सांगितला आणि वडिलांनी टाइप केला. "सर 'अजून नको' म्हणत होते, तरी मी विमान उचलायला स्टिक मागे ओढली," ती म्हणाली. हरिश्चंद्रांनी एवढंच वाक्य गाळलं. तिने न वाचताच डाव्या हाताचा अंगठा उठवला.

महिन्याने व्हिन्सेंटची बायको टेरेझा उत्तनहून त्यांच्या घरी आली. चहाला तिने हात लावला नाही.

"बाय, एक इचारायचा हाय. चौकशीचे साहेब बोलतान, चूक तुज्या सराची."

"नाही हो, आंटी! सर नको म्हणत होते. मीच ओढली. जबाबात लिहिलंय तसं."

"न्हाय. मना वाचून दाखवला त्यांनी. तसा काय न्हाय त्यात."

रसिकाने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकी लावायला उठले.

"बाबा?"

"तू वीस वर्षांची आहेस," खिडकीकडे तोंड करूनच ते म्हणाले. "व्हिन्सेंट तर गेले. गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

"त्याला फरक न्हाय," टेरेझा म्हणाली. "माजी पोर शालंत जाते. पोरी तिला बोलतान, तुज्या बापानं विमान खाली पारला."

 मग रसिका उठली आणि टाइपरायटरवरचं कापड तिने डाव्या हाताने ओढून काढलं.

"बसा, बाबा."

"परत कधी उडू देणार नाहीत तुला."

"माहितेय."

"आणि खोटा जबाब दिला म्हणून..."

"तेही माहितेय. कार्बन घाला. एक प्रत आंटींना द्यायचीय."

हरिश्चंद्रांनी दोन कागदांत कार्बन घातला. रसिका त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि अक्षर न् अक्षर वाचत गेली. त्या वाक्याशी त्यांची बोटं थांबली.

"सर अजून नको म्हणत होते," ती पुन्हा म्हणाली. आवाज सपाट.

हरिश्चंद्रांनी टाइप केलं.