नववा मजला रिकामा

"चला, पुढे चला. जिन्याच्या तोंडाशी गर्दी नको. वहिनी, कुलूप राहू द्या, आगीची तालीमच आहे."

"तालीम आहे म्हणूनच लावतेय, काका. सगळी बिल्डिंग खाली उतरणार आणि माझं घर सताड उघडं?"

कंडक्टरकाकांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. शिट्टी सोसायटीने दिलेली, आवाज मात्र स्वतःचा. सगळी नोकरी बसमध्ये गेलेली. दारात लटकणाऱ्याला आत ढकलणं आणि आत रुतून बसलेल्याला बाहेर काढणं ही दोन्ही कामं त्यांना सारखीच येत. आग लागली तर प्रत्येक मजल्यावरची माणसं बाहेर काढायला एक प्रमुख हवा, असं सोसायटीच्या सभेत ठरलं तेव्हा बाकीच्या मजल्यांवर ते काम कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागलं. नवव्या मजल्याने मात्र एकसुरात कंडक्टरकाकांचं नाव घेतलं, आणि काकाही खूश झाले. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांचं ऐकून पुढे सरकलं नव्हतं.

काम सोपं होतं. दारं वाजवायची, सगळ्यांना जिन्याने उतरवायचं, मजला रिकामा झाला की खाली मैदानात उभ्या असलेल्या फायर ब्रिगेडच्या साहेबांना फोनवर तसं सांगायचं आणि शेवटी स्वतः उतरायचं.

समोरच्या घरातला जावई मुलीला कडेवर आणि सासूबाईंना दंडाला धरून उतरला. हा सासुरवाडीत राहायचा, म्हणून सगळा मजला त्याला जावईच म्हणायचा. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर काकांनी फोन लावला.

"नववा मजला रिकामा, साहेब. एक माणूस सोडून."

"सोडून म्हणजे?"

"म्हणजे आमची मंडळी. तिला उठता येत नाही."

साहेब तरुण होता आणि स्वभावाने चांगला होता, पण चारचौघांत बोलू नये ते बोलून गेला. काका खाली पोचल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, माणूस सोडून मजला रिकामा नसतो. वर एक जण असला तरी तो मजला भरलेलाच धरायचा. त्यांना खाली आणायची तुमची सोय काय?"

सगळं मैदान आपापल्या चपलांकडे बघायला लागलं. काकूंना अर्धांगवायू झाल्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि सोसायटीत ते ठाऊक नसलेला माणूस नव्हता. त्या आजारी पडल्या तेव्हा याच लोकांनी आळीपाळीने दवाखान्यात जागरणं केली होती. पण लिफ्ट बंद पडली तर त्यांचं काय, हे कुणी मोठ्याने विचारलं नव्हतं. काकांनीही नाही.

साहेबाने मग समजावून सांगितलं. जाड चादर घ्यायची, चौघांनी चार कोपरे धरायचे आणि जिन्याने उतरायचं. तेवढं जमलंच नाही तर दार लावून घ्यायचं, दाराखालच्या फटीत ओलं कापड कोंबायचं, खिडकी उघडून आम्हाला दिसाल असं उभं राहायचं आणि वाट बघायची. "पण तो अगदी शेवटचा उपाय," असंही तो म्हणाला.

"शेवटचा कशाला? आम्ही मेलो काय?" जिमवाला पुढे झाला. तो मजल्याच्या टोकाला राहायचा आणि त्याचे दंड बघूनच माणसाला धीर यायचा. त्याच्यामागे जावई आला, बँकवाला आला आणि शिकवणीच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसून पुढे केलं. चौघं झाले.

त्याच दुपारी नवव्या मजल्यावर सराव झाला. काकूंनाच कशाला त्रास, म्हणून चादरीत चेअरमन झोपले. चेअरमन म्हणजे दोन काकू तरी सहज. चौघांनी त्यांना उचललं, आठव्या मजल्यापर्यंत नेलं, तिथे बँकवाल्याच्या कमरेत उसण भरली आणि चेअरमन पायरीवर टेकले. "मी मेल्यावर तरी नीट न्या रे," असं ते म्हणाल्यावर जिना हसण्याने दुमदुमला. बायकांनी चहा केला. काकूंच्या पलंगावरून उघड्या दारातून पॅसेज दिसत असे. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि चेहऱ्याचा जो भाग अजून त्यांचं ऐकत होता तेवढ्याने त्या हसल्या. मग उजव्या हातातला चमचा पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवला.

काकूंची वाचा गेली होती. डॉक्टरांनी चित्रांचे तक्ते दिले होते, पण काकूंनी ते बाजूला सारले आणि एक दिवस चमच्याने दांडीवर एक ठोका दिला. काका त्यांच्या तोंडाशी घास नेत होते. त्यांचा हात जागीच थांबला. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. हे काकांना कुणी शिकवावं लागणार नव्हतं. तेव्हापासून घराचा कारभार त्यावर चालला. एक ठोका म्हणजे थांब, नको, नाही. दोन ठोके म्हणजे चल, हो, होऊन जाऊ दे. एवढ्यात भांडणसुद्धा व्यवस्थित होत असे.

तालमीनंतर काकांच्या मनाला मात्र घोर लागला. पहिल्या मजल्यावरचं कुणी घर बदलून देईल का, अशी त्यांनी चेअरमनकडे हळूच चौकशी केली. चेअरमन म्हणाले, "बघू." घरी येऊन काकांनी हे काकूंच्या कानावर घातलं. एक ठोका. "अगं, ऐक तरी." एक ठोका, आधीपेक्षा जोरात. नववा मजला काकूंनीच निवडलेला होता. त्यांच्या खिडकीतून डेपोचं वळण दिसायचं. काकांची बस तिथे वळली की त्या चहा टाकायच्या. आता पलंगही त्या खिडकीशीच होता. काकांनी विषय सोडून दिला.

आणि घाबरण्यासारखं होतं काय? चौघं होते. जिमवाला तर जिन्यात भेटला की म्हणायचा, "काका, आम्ही आहोत ना." चादर दारामागच्या खुंटीवर घडी करून ठेवलेली होती. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. तालीम रविवारी झाली होती, सराव रविवारी झाला होता, चौघं घरी होते ते रविवारी. आग रविवारीच लागणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

ती लागली मंगळवारी, भर कामाच्या वेळेला. काका काकूंचे केस विंचरत होते. आधी जळक्या रबराचा वास आला, मग पंखा थांबला. काकांनी दार उघडलं. पॅसेजच्या कोपऱ्यात विजेच्या तारांचं कपाट होतं, त्याच्या फटीतून काळा धूर निघत होता, अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा.

त्यांनी शिट्टी फुंकली. दारं वाजवली. "चला, पुढे चला. हात सोडू नका. रुमाल नाकाला." आवाज नेहमीचाच होता. मजल्यावर बायका, म्हातारी माणसं आणि शाळेत न जाणारी पोरं. कुलूपवाल्या वहिनी या वेळी कुलपाला हात न लावता पळाल्या. जिमवाला जिममध्ये, बँकवाला बँकेत, शिकवणीच्या बाईंचा नवरा कुठल्याशा गावाला गेलेला. जावई तेवढा घरून काम करायचा.

तो बाहेर आला. खांद्यावर मुलगी, तिने त्याच्या मानेला मिठी मारलेली. मागे सासूबाई खोकत होत्या. तो काकांच्या दारापाशी थांबला. आत पलंग दिसत होता, दारामागे चादर दिसत होती. त्याने चादरीकडे बघितलं, मग धुराकडे बघितलं.

"काका, या दोघींना खाली ठेवतो आणि आलोच."

"जा, जा. पोरीचं तोंड झाक."

"आलोच, काका."

"अरे हो. जा तू."

तो गेला. काकांनी उरलेली दारं बघितली. कुणी नव्हतं. ते घराच्या उंबऱ्यात येऊन जिन्याकडे बघत उभे राहिले. धूर आता छताला लागून त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. जावई परत निघाला होता, चौथ्या मजल्यापर्यंत आलाही होता. पण खालून चढणाऱ्या फायर ब्रिगेडच्या माणसांनी त्याला धरून मागे वळवलं, हे काकांना संध्याकाळी कळलं.

त्यांनी दार लावलं. चादर खुंटीवरून काढली. न्हाणीघरात नेऊन ती बादलीत बुचकळली. चादर भिजली की तिच्यातून कुणाला उचलून नेता येणार नाही, हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी ती पिळली आणि दाराखालच्या फटीत गच्च कोंबली.

खिडकी उघडून ते पलंगावर टेकले. "झालं. आता येतीलच ते लोक," ते म्हणाले.

काकूंनी दोन ठोके दिले.

"हो, येतीलच."

पुन्हा दोन ठोके. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. मग काकांना कळलं. हो नव्हे. चल. जा.

"वेडी आहेस का तू?"

दोन ठोके. परत दोन. चमचा दांडीवर आपटत राहिला. साऱ्या नोकरीत काकांनी दोन घंट्या दिल्या आणि बस हलली नाही असं कधी झालं नव्हतं, आणि आता त्यांनाच मिळालेली ती घंटी थांबत नव्हती. त्यांना भीती वाटत होती, फार भीती वाटत होती. पाय धड होते, जिना अजून उघडा होता आणि त्यांचं अर्धं मन केव्हाच जिन्यात जाऊन उभं होतं. त्या मनाची त्यांना लाज वाटली आणि ते मन ओळखलं म्हणून काकूंचा राग आला. त्यांनी काकूंच्या मुठीतून चमचा ओढून काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, त्यांचा हात पोचणार नाही असा.

काकूंची मूठ थोडा वेळ तशीच दांडीवर हलत राहिली. तिचा आवाज होत नव्हता.

थोड्या वेळाने दारावर थापा पडल्या. तारा जळल्या होत्या, कपाट जळलं होतं, भिंत काळी झाली होती, बाकी काही नाही. तोंडावर मुखवटा लावलेल्या माणसाने आत डोकावून विचारलं, "दोघं ठीक आहात?" काका म्हणाले, "ठीक."

संध्याकाळी मजला घरात लोटला. जिमवाल्याचे डोळे लाल झाले होते. "मी असतो तर एकट्याने उचललं असतं, काका."

"ठाऊक आहे रे मला."

बँकवाल्याने मोठा सुस्कारा सोडला आणि जीव भांड्यात पडला म्हणाला. काकाच सगळ्यांची समजूत घालत होते. कुणाला वाईट वाटू नये याची त्यांची धडपड चालली होती. जावई आला नाही. पुढचे काही दिवस तो लिफ्ट सोडून जिन्यानेच ये-जा करत होता. शेवटी काकांनी त्याला जिन्यात गाठला.

"तुझ्या जागी मी असतो तर मीही पोरीलाच आधी नेलं असतं," ते म्हणाले.

"मी येत होतो, काका."

"येत होतास. सांगितलं मला त्या लोकांनी."

जावई कठड्याला धरून उभा राहिला. त्याला आणखी काही ऐकायचं होतं, पण काका वर निघाले.

घरात त्या दिवसापासून चमचा वाजला नाही. काका रोज सकाळी तो काकूंच्या बोटांशी ठेवायचे. काकू तो धरत नसत. घास पुढे केला की तोंड उघडत, नको असला की मिटत. "चुकलं माझं. घे ना," असं काकांनी एकदा म्हणून पाहिलं. काकू खिडकीतून डेपोच्या वळणाकडे बघत राहिल्या. काकांचं नक्की काय चुकलं होतं, न जाणं की चमचा काढून घेणं, ते त्यांनाही ठरवता आलं नाही.

नंतरची तालीम सोसायटीने मुद्दाम कामाच्या दिवशी ठेवली आणि मग सोयीसाठी पुन्हा रविवारी केली. शिट्टी वाजली. वहिनींनी कुलूप लावलं. चौघंही घरी होते. जावई काकांच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"चादर घेऊ, काका? आज आहोत सगळे."

"कशाला उगाच तिला हलवायचं? उतर तू. पुढे चला, पुढे चला."

मजला उतरला. काका स्वतः मात्र उतरले नाहीत. उघड्या दारात उभं राहून त्यांनी फोन लावला.

"नववा मजला रिकामा, साहेब."

मागच्या तालमीतले 'एक माणूस सोडून' हे तीन शब्द त्यांनी गाळले. त्या शब्दांनी सगळ्या मैदानाच्या माना खाली गेल्या होत्या. चांगली माणसं होती, पुन्हा कशाला.

"नक्की ना, काका? कुणी नाही ना वर?"

"नाही. कुणी नाही."

मागे, पलंगाच्या दांडीवर एक ठोका पडला.

काका वळले. काकूंच्या मुठीत चमचा होता. त्या थेट त्यांच्याकडे बघत होत्या आणि चमचा दुसऱ्यांदा उचलत नव्हत्या.

"काका? ऐकू येतंय ना?"

"साहेब, थांबा जरा," काका म्हणाले. "चुकीचं सांगितलं मी. दोघं आहोत आम्ही वर."

फोनमधून मैदानातला भोंगा ऐकू येत होता. काकांनी फोन खिशात ठेवला, दार आतून लावलं आणि खुंटीवरची चादर काढून ती भिजवायला न्हाणीघरात गेले.