अस्वलाची जांभई

रात्रीचे कार्यक्रम संपले की पडद्यावर एक अस्वल यायचं, लांबलचक जांभई द्यायचं, दिवा मालवायचं आणि पांघरूण ओढून घ्यायचं. मग टीव्ही बंद. ते अस्वल काढलं होतं चित्रकारकाकांनी, दोनशे चाळीस चित्रांत. रंग भरले होते काकूंनी. आता वाहिन्या कधी बंदच होत नाहीत, आणि काकूंना जाऊनही सहा वर्षं झाली.

एका दुपारी मोबाइल चाळताना काकांना अचानक ते अस्वल दिसलं. खाली शेकडो लोकांनी आपापलं लहानपण आठवून लिहिलं होतं. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "हे मी काढलं आहे."

थोड्या वेळाने कुणीतरी उत्तर दिलं, "आजोबा, असं म्हणणारे तुम्ही चौथे."

काकांना आधी हसू आलं. मग त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ते अस्वल मीच काढलं होतं ना गं?"

"तूच रे दादा. वहिनीच्या बोटांचा तपकिरी रंग महिनाभर निघत नव्हता. हात घासून घासून वैतागली होती बिचारी."

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"दादा, आहेस ना?"

"आहे," ते म्हणाले. "तू बोलत राहा."