गाडीचा अर्थ

लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला. "आई, त्या गाडीला आता काही अर्थ राहिलेला नाही. अकरा वाजता भंगारवाला येतोय, किल्ली देऊन मोकळी हो."

गाडी तीन दिवस बंद होती. किल्ली फिरवली की नुसती टक् करायची आणि पुढचे दिवे मिणमिणायचे. ती मीच चालवते. आमचे हे जन्मभर भाषेचे मास्तर. शेजारी बसून दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि मी त्यांच्यावर डाफरते. घरात हे पुस्तकात तोंड खुपसून बसतात. आम्ही बोलतो ते गाडीतच. ती गेली तर आमचं बोलणंच संपेल, या विचाराने मला सकाळपासून धडकी भरली होती.

म्हणून साडेनवाला धाकट्या भावाला फोन लावला. तो गाड्यांचं वायरिंग करतो. बॉनेट उघडून फोन कडेला टेकवला, स्पीकर लावला.

"भावजी, आधी अर्थ बघा," तो म्हणाला.

हे तडक आत गेले आणि जाडजूड शब्दकोश घेऊन आले. "हं. कुठल्या शब्दाचा?"

"शब्दाचा नाही हो, गाडीचा! अर्थ सुटला असेल."

"अर्थ सुटत नसतो." ह्यांनी चष्मा वर सरकवला. "अर्थ लागतो, किंवा लागत नाही."

"मग लागत नाहीये! ताई, तूच बघ बाई. बॅटरीतून निघून गाडीच्या पत्र्याला लागते ना, ती अर्थिंगची जाड काळी वायर."

मी हात घातला. वायरचं टोक गंजून हिरवट झालेलं आणि बोल्ट बोटांनीच गरगर फिरत होता. तीन दिवस आम्ही बॅटरीला नावं ठेवत होतो, तिचा बिचारीचा काही दोषच नव्हता! भावाने सांगितलं तसं वायर सोडवली, टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने लख्ख घासला.

"अहो, पाना द्या."

ह्यांनी शब्दकोश उघडला.

"पान नाही हो, पाना! तो लोखंडी!"

बोल्ट आवळताना माझ्या हाताला रग लागली. ह्यांनी शब्दकोश खाली ठेवला, माझ्या मुठीवर मूठ धरली आणि जोर लावला. मला बरं वाटलं.

भावाचा फोन ठेवून बॉनेट लावलं, तोच फाटक वाजलं. भंगारवाला दहा मिनिटं आधीच हजर! मी घाईघाईने गाडीत बसले, डोळे मिटले, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, दिलीस का किल्ली?"

फोन ह्यांनी घेतला. "गाडीला अर्थ राहिला नाही म्हणालीस ना? आहे. तुझ्या आईने आत्ताच घट्ट आवळलाय."

मग शेजारी येऊन बसले आणि दार ओढून घेतलं. "चल. कोपऱ्यावर नवी पाटी लागलीय म्हणे. चुकीचीच असणार."

भंगारवाल्याला बाजूला व्हायला सांगून मी गिअर टाकला.