विद्यापीठाकडची मंडळी

सोमेशला बारावीनंतर सामाजिक शास्त्रांची पदवी घ्यायची होती. विद्यापीठ कसं निवडतात हे मंद्रूपच्या त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. स्थळ कसं बघतात हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. तेव्हा जे येतं तेच करावं असं ठरलं आणि कुंभारीहून गुरुसिद्धप्पा मामाला बोलावणं गेलं.

मामाने जमवलेली सगळी लग्नं टिकली होती, दोन सोडून. त्या दोन्ही ठिकाणी पत्रिका नडली होती, मामा नव्हे.

सोमेशने काढलेली तीन विद्यापीठं मामाने स्थळांसारखी समोर घेतली. हैदराबादचं पहिल्या घोटातच गेलं. लांबची सोयरीक, भांडण झालं तर जाऊन मिटवता येत नाही. माझं कुणाशी भांडण होईल, असं सोमेशने विचारलं. मामाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि चहा संपवला.

सोलापूरचं अप्पांच्या, म्हणजे सोमेशच्या वडिलांच्या, शरणप्पांच्या, मनात होतं. घरून जाऊन-येऊन करायचं आणि संध्याकाळी खताच्या दुकानात बसायचं. सोमेशला अप्पांची संध्याकाळ माहीत होती. ती सकाळी दहाला सुरू व्हायची.

राहिलं पुण्याजवळचं. तिथली प्रवेशपरीक्षा सोमेश पास झाला होता, यादीत नाव लागलं होतं, आणि शुक्रवारी पाचच्या आत फी भरून जागा पक्की करायची होती. त्याने हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं, मग सगळ्यांना एकत्र सांगितलं.

"बगितल्याबिगर होकार?" मामा म्हणाला.

म्हणून मंगळवारी जीप निघाली. अप्पा, अव्वा म्हणजे सोमेशची आई, मामा, सोमेश आणि शेजारचे बसलिंगप्पा. बसलिंगप्पांना खरं तर वाटेत मोहोळलाच उतरायचं होतं, पण मोहोळ आलं तेव्हा गप्पा रंगल्या होत्या.

विद्यापीठात प्रवेशाची माहिती द्यायला शुभदा मॅडम होत्या. मामाने विचारलं, जमीन किती, पाणी कुठलं, भावकीचा काही त्रास? मॅडमनी जमीन सांगितली, पाणी सांगितलं आणि भावकीवर जरा विचार करून म्हणाल्या, अर्थशास्त्रवाल्यांशी खोल्यांवरून थोडं आहे. तेवढं असतंच, असं म्हणून मामाने मान हलवली. मग बसलिंगप्पांनी विचारलं, याच्या आधी किती मुलं येऊन बघून गेली? दरवर्षी हजारो येतात, मॅडम अभिमानाने म्हणाल्या. अव्वाने पदर सारखा केला. मग चहा आला. त्याच्याबरोबर पोहे नव्हते.

मामा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "कळवतो."

त्यांच्या घराण्याने 'कळवतो' म्हटलेली माणसं अजून कुठे कुठे वाट बघत बसलेली होती.

जीपमध्ये सोमेशने पुन्हा शुक्रवार काढला. मामाने समजूत घातली की आपण मुलाकडचे. मुलाकडच्यांनी मागं लागायचं नसतं, गरज असली तर ते येतील. ते येणार नाहीत, पाच वाजता वेबसाइट बंद होईल आणि जागा पुढच्या मुलाला जाईल, असं सोमेश म्हणाला. एवढी घाई करतात म्हणजे काहीतरी खोट आहे, असं अप्पांचं मत पडलं.

गुरुवारी विद्यापीठाचा मेसेज आला. उद्या शेवटचा दिवस.

"आले का न्हाई मागं?" मामा म्हणाला. "आता एक दीस ताणायचं."

सोमेशने खताच्या पोत्याला लाथ घातली. पोतं जागचं हललं नाही. तो शुक्रवारी लंगडत होता.

पैसे अप्पांच्या खात्यातून जायचे होते आणि ओटीपी अप्पांच्या मोबाइलवर यायचा होता. मोबाइल अप्पांच्या बंडीच्या खिशात होता आणि अप्पा त्याच्यावर हात ठेवून झोपाळ्यावर बसले होते. चार वाजून गेले. तेव्हा कुठे मनातलं बाहेर आलं.

"पोरगं आपलं द्यायचं," अप्पा म्हणाले, "वर पैसं बी आपुनच द्यायचं, आन ऱ्हायला त्येंच्या घरी. ह्यो घरजावई झाला की."

घरजावई मामानेही कधी जमवला नव्हता.

सोमेशच्या तेव्हा ध्यानात आलं. आठवडाभर तो वेबसाइट, यादी, मुदत असलं काहीबाही बोलत होता. मराठीत त्याने अजून काही सांगितलंच नव्हतं.

"अप्पा," तो म्हणाला, "घर सोडून मी चाललोय. द्यायचं-घ्यायचं आपल्याकडनं. नावापुढं लागणार ते बी त्येंचंच. मग आपण मुलाकडचे कसे? आपण मुलीकडचे हाय."

झोपाळा थांबला. मामाने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. सबंध लग्न चुकीच्या बाजूला बसून जेवल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला.

"व्हय की," तो म्हणाला. "शरणप्पा, फोन काढ. मुलीकडचे असून आपुन तंगड्या पसरून बसलोय. स्थळ जाईल हातचं."

ओटीपी आला. अप्पांनी चष्मा लावून एकेक आकडा मंगलाष्टक म्हटल्यासारखा म्हटला. पाचाला थोडकी मिनिटं असताना जागा पक्की झाली. मामाने लगेच शुभदा मॅडमना फोन लावला. पोरगं पदरात घ्या, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. मॅडम बरं म्हणाल्या. आत अव्वाने रडायला घेतलं होतं.

जुलैत सोलापूर स्टेशनवर तिने शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं गाठोडं दिलं. मग नारळ काढून म्हणाली, "यप्पा, ओटी भरते." सोमेशने टी-शर्टचं टोक पसरलं. गाडी सुटायला आली होती आणि ओटी मुलाची भरतात का, हा वाद तेवढ्यात मिटला नसता.

"नीट नांद," अप्पा खिडकीतून म्हणाले. "उठसूट माहेरी यायचं न्हाई." गाडी हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले. "पयल्या दिवाळीला मी येतो न्यायला."

सोमेशला हसायचं होतं. ते जमेना, म्हणून तो आत वळला. समोर बसलिंगप्पा बसले होते. पाठराखीण म्हणून मामाने धाडलं का, असं त्याने विचारलं. नाही, ते म्हणाले, मोहोळला उतरायचं होतं.

मोहोळ आलं तेव्हा सोमेशने त्यांना सांगितलं. बसलिंगप्पांनी स्टेशन नीट बघून घेतलं आणि नारळ फोडायला काही आहे का, असं विचारलं.