मोतीजलाचा फेस

रविवारी सकाळी कापडदुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. आया, बाप, आज्या आणि त्यांनी दंडाला धरून आणलेली पोरं. सगळ्यांची तोंडं उघडी. पोरांची दात दाखवायला आणि मोठ्यांची आश्चर्यानं. समोर कुठल्याशा सलूनमधून आणलेली एक फिरती खुर्ची होती आणि खुर्चीमागे उभे मोतीबाबा.

बाबांचं काम झटपट. पोराला खुर्चीत बसवायचं, काडीला गुंडाळलेला कापूस काचेच्या वाटीतल्या पाण्यात, म्हणजे बाबांच्या मोतीजलात, बुडवायचा आणि पुढच्या दातांवरून फिरवायचा. पोर तोंड वेडंवाकडं करायचं. लगेच दुसऱ्या भांड्यातल्या पांढुरक्या पाण्याची चूळ. त्याबरोबर तोंडातून भसाभसा फेस! "बघा, बघा, कीड कशी उकळून बाहेर पडतेय," बाबा ओरडायचे. मग पोरासमोर आरसा धरायचे, आणि दात खरोखरच पांढरे झालेले असायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे तर आरसाही होता. हॉलभर वाहवा उठायची.

बाबांची जीभ हातापेक्षा चलाख होती. मोती कोणी ब्रशने घासतं का, मग दात का घासता? डॉक्टर काय करतो, तर भोकं पाडतो, आणि भोकं पाडून ज्याचं पोट भरतं तो दात कशाला राखेल? गोडाला तर मुळीच घाबरू नका, मोतीजल लागलेल्या दाताकडे कीड फिरकायची नाही. घासायचं नाही आणि गोड खायचं, असा धर्म सांगितल्यावर पोरं आधी भक्त झाली यात नवल ते काय!

रांग लावायची, दक्षिणा गोळा करायची आणि तिच्यातला वाटा ठेवायचा, हे काम ज्याच्याकडे होतं, तो आपल्या फरशीवाल्याचा थोरला भाऊ. फरशीवाला घरोघरी टाइल्स बसवायचा. बाप लहानपणीच गेला, तेव्हा दादानेच त्याला वाढवलं, कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. दादाने दिवसाला रात्र म्हटलं तर हा दिवा लावायला उठला असता. त्यामुळे दादा घरी येऊन म्हणाला की टिकलीला रविवारी घेऊन ये, तेव्हा त्याने का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

टिकली म्हणजे त्याची आठ वर्षांची लेक. दुधाचे दात पडून पुढचे नवे दात आले होते, आणि ते जरा पिवळट दिसत होते. वर्गातली पोरं चिडवायची, म्हणून ती तोंडावर हात धरून हसायची. दादाने तिला रांगेत पहिली उभी केली. "ही माझी सख्खी पुतणी," त्याने सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगितलं. घरचीच पोर पहिली बसली म्हटल्यावर बाकीच्यांची उरलीसुरली भीतीही गेली. टिकलीच्या फ्रॉकवर दोन-चार थेंब उडाले, फेस आला, आरसा आला, आणि पोरगी हात न धरता खळखळून हसली. फरशीवाल्याला भरून आलं. त्याने भर हॉलमध्ये दादाचे पाय धरले.

हसू महिनाभरही टिकलं नाही. गार पाणी तोंडात घेतलं की टिकली कळवळायला लागली. मग कोमट पाणीही लागायला लागलं. दात खडूसारखे निस्तेज झाले. बाबांना विचारून दादाने निरोप आणला, की ही शुद्धी चालू आहे, पुन्हा एकदा बसवा. पुन्हा बसवली. त्यानंतर एकदा पाव खाताना पुढच्या दाताचा टवका उडाला. टिकलीने तो तळहातावर घेऊन बापाला दाखवला.

बायको म्हणाली, आता मी कुणाचं ऐकणार नाही. तिने टिकलीला उचललं आणि सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मागोमाग फरशीवाला. बाईंनी दात पाहिले आणि कशाने घासले म्हणून विचारलं. मोतीजल ऐकून त्यांनी टिकलीचं तोंड पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, "नवे दात दुधाच्या दातांशेजारी पिवळटच दिसतात. सगळ्या मुलांचे दिसतात. हिच्या दातांना काही झालं नव्हतं हो." कसल्यातरी आम्लाने दाताचं वरचं कठीण कवच विरघळलं आहे, ते पाणी मिळालं तर सिद्धच करून दाखवते, असंही त्या बोलल्या.

घरी आल्यावर बायको टिकलीचा तो फ्रॉक उजेडात धरून बसली. धुतल्यावर गळ्यापाशी बारीक बारीक भोकं पडली होती. उंदीर म्हणावा तर असा कुरतडत नाही. फरशीवाल्याने फ्रॉककडे पाहिलं, मग आपल्या कामाच्या पँटकडे. गुडघ्यापासून खाली तश्शीच भोकं. टाइल्स बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला जे ॲसिड वापरतात, त्याच्या थेंबांनी पडलेली.

त्याला एकदम आठवलं. दादाने त्याच्याच सामानातून ॲसिडचा एक कॅन नेला होता, हॉलचा जिना धुवायचा म्हणून. जिना आजवर कोणी धुतला नव्हता.

शेजारचे म्हणाले, जाऊ दे रे, आपलेच दात नि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारणार? पण त्याला रात्रभर झोप लागली नाही. दादाला माहीत नसेल, बाबाने त्यालाही फसवलं असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला.

पुढच्या रविवारी तो डॉक्टरीणबाईंना घेऊन हॉलमध्ये गेला. बाबांचा कापूस वाटीत बुडणार, इतक्यात बाईंनी ती वाटी शांतपणे उचलली आणि पर्समधून कोंबडीचं अंडं काढलं. बाबा अपवित्र, अपवित्र म्हणून किंचाळले. बाई म्हणाल्या, अंड्याचं कवच आणि दाताचं कवच, दोन्ही चुन्याचीच भावंडं आहेत. दाताचं भलं होत असेल तर अंड्याचंही होऊ दे. अंडं मोतीजलात पडलं आणि त्याच्यावर बुडबुड्यांची झुंबड उडाली.

"अंड्याची कीड निघाली!" मागून एक आजोबा भक्तिभावाने म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी एक कोरा ग्लास मागवला, पदराने पुसला, रिकामा असल्याचं सगळ्यांना दाखवलं. त्यात थोडं मोतीजल ओतलं आणि वरून बाबांचं चूळ भरायचं पाणी. फेस ग्लासाच्या काठावरून उतू गेला. त्या म्हणाल्या, हा खायचा सोडा आणि हे फरशी धुवायचं ॲसिड, दोन्ही एकत्र आली की फेस येणारच. "आता या ग्लासाला कोणती कीड लागली होती, ते बाबांनी सांगावं."

बाबा आपली भांडी गोळा करायला लागले. तोवर बाईंनी अंडं बाहेर काढून अंगठ्याने चोळलं. कवच ओल्या चुन्यासारखं निघून आलं. एका आईने आपल्या पोराचं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कुणाला कळलंही नाही.

फरशीवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो दादासमोर उभा होता.

"दादा, तुझ्या पोराला का नाही कधी बसवलंस या खुर्चीत?"

माझ्या पोराचे दात चांगले होते, दादा म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "मी बाबांना पाणी जास्त घालायला सांगितलं होतं रे. टिकलीच्या वेळी तर मुद्दाम सांगितलं होतं."

म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. बाबा काय, परका माणूस. पण आपल्या लेकराला लपवून भावाचं लेकरू पुढे करणारा हा सख्खा भाऊ होता. ज्या हाताला धरून फरशीवाला मोठा झाला, त्याच हाताने तो कॅन उचलला होता. दादाने खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्याने बाजूला सारला, आणि तो जिना उतरून गेला.

आता टिकलीच्या दातांवर डॉक्टरीणबाई एकेक करून लेप बसवताहेत. विरघळलेलं कवच परत येत नाही, आहे ते सांभाळायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. सकाळी आणि झोपताना, दोन्ही वेळा पेस्ट लावून हलक्या हाताने घासायचं. झोपताना घासलं की पाण्याशिवाय काही नाही. गोड खायचं ते जेवणासोबत, दिवसभर चघळत बसायचं नाही. दुखो न दुखो, अधूनमधून दात दाखवायचे. यात चमत्कार नाही म्हणून ऐकायला गर्दीही होत नाही.

परवा खुर्चीत बसल्या बसल्या टिकलीने बापाला विचारलं, "बाबा, हे पण पडतील ना? मग परत नवे येतील?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई हातमोजे चढवत राहिल्या. सांगणं त्यालाच भाग होतं.

"नाही गं राणी. हेच शेवटचे होते."

मंडळी, देवावर विश्वास ठेवा, माणसांवर ठेवा, भावावर तर ठेवाच. पण माणूस आपला आहे म्हणून त्याच्या वाटीतलं पाणी आपलं होत नाही. लेकराच्या तोंडात काहीही घालू देण्याआधी ते काय आहे, हे विचारा. सांगायला कोणी कां-कूं केली, तर तो सख्खा असो की साधू, पोर काखोटीला मारा आणि सरळ घरी चला.