वाजू दे मेल्याला

जयानं शाळेची व्हॅन मारुंजीच्या सोसायटीपुढं थांबवली, तर व्हॅनमधल्या सृष्टीची आई गेटातच कमरेवर हात ठेवून उभी.

"अकरा फोन केले, जयाताई! एक उचलता येत नव्हता?"

"गाडी चालवताना न्हाई उचलत मी. कायदा हाय."

"कायदा कोण पाळतं हो इथं? उद्यापासून आम्ही सगळ्या दुसरी व्हॅन लावू."

व्हॅनमधल्या या पोरांच्या भाड्यावरच जयाचं घर चालायचं. तरी तिची मान वाकली नाही.

"खुशाल लावा. फकस्त त्या ड्रायव्हरला आधी इचारा, चालत्या गाडीत फोन उचलतोस का? व्हय म्हनला, तर बसवा तुमची लेक त्याच्यात!"

आईनं सृष्टीला उतरवून घेतलं आणि तिचं दप्तर खांद्याला लावलं. मागं डिकीत टाकलेला फोन पुन्हा खणखणायला लागला. पुढच्या पोराची आई असणार.

"वाजू दे मेल्याला," म्हणत जयानं गिअर टाकला.