चिखलीच्या वखारीतील गोल करवत

मित्रांनो, मी एक जुनी गोल करवत आहे. मी बोलत असताना कोणी चुळबुळ केलेली मला चालत नाही, तेव्हा नीट बसून ऐका. ओतीव लोखंडाचे माझे मेज, त्याच्या फटीतून वर आलेले दातेरी पाते आणि ते फिरवणारा इंजिनाचा पट्टा, एवढा माझा संसार. माझा जन्म विलायतेत झाला. बोटीने मी मुंबईस आले आणि महायुद्धाच्या काळात तेथे खोक्यांसाठी फळ्या चिरीत राहिले. युद्ध संपल्यावर माझे भाग सुटे करून मला मालगाडीने चिंचवडला पाठवले आणि तेथून बैलगाडीने मी चिखलीच्या वखारीत आले.

वखारीचे मालक पुढे दोनच वर्षांत वारले. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई यांनी वखार हाती घेतली. डोईवरचा पदर ढळू न देता त्या लाकडांच्या थप्प्यांतून फिरत आणि कोणत्या ओंडक्याला आतून चीर आहे, हे काठीने ठोकून सांगत. त्यांनी दिलेला शब्द मागे घेतल्याचे कोणाला आठवत नाही. माझ्यावर मात्र त्यांची लेकीसारखी माया होती. पाटणकडून पोटासाठी आलेला सयाजी मला चालवी. सागाचे सुके लाकूड आम्ही दोघे लोण्यासारखे चिरीत असू. लोक मला चिखलीची वाघीण म्हणत आणि ते मला आवडे.

छप्पन साली पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले. चौकटींना आणि खोक्यांना लाकूड पुरेना, म्हणून ओली बाभूळ माझ्यापुढे येऊ लागली. एके दिवशी बाभळीची एक फळी अर्धी चिरून झाली असताना तिच्या दोन्ही बाजू मिटल्या आणि त्यांनी माझे पाते चिमटीत धरले. मी ती फळी सर्व बळानिशी मागे भिरकावली. ती सयाजीच्या छातीवर बसली आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या.

त्या दिवसापासून मी अवदसा ठरले. सुभद्राबाईंचे दीर सोपानराव म्हणाले की, सयाजीने लाकूड वाकडे लोटले, त्याला काढून टाका आणि करवतीवर घण घालून ती भट्टीत द्या. संतापाच्या भरात सुभद्राबाईही सयाजीला वाकडे लोटल्याचा बोल लावून बसल्या होत्या. चार दिवसांनी छातीला फडके बांधून तो त्यांच्यापुढे उभा राहिला.

"काकी, म्या सरळच लोटलं व्हतं. सोपानरावांचं सोडा, तुमी तरी तसं म्हनू नका."

त्याच दुपारी सुभद्राबाईंनी चिंचवडच्या रहिमान मिस्त्रींना बोलावणे धाडले आणि दिरांना बजावले की, आठ दिवस करवतीला आणि सयाजीच्या जागेला कोणी हात लावायचा नाही.

रहिमान मिस्त्री पंप आणि इंजिने दुरुस्त करीत. त्यांनी आल्याआल्या पट्टा चढवला नाही. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, रॉकेलच्या बोळ्याने माझ्या पायावरचा जुना रंग घासला, आणि लोखंडात ओतलेली माझ्या कारखान्याच्या नावाची अक्षरे वर आली. ती बोटांनी चाचपून ते हसले. तरुणपणी मुंबईच्या गोदीजवळ माझ्याच घराण्यातील एका करवतीवर त्यांनी काम केले होते. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणी आपल्याला कुळासकट ओळखावे, याचे सुख काय सांगू!

त्यांनी माझा गंज विटेच्या भुकटीने उतरवला. एकेक दात कानशीने धारेवर आणला, एक किंचित डावीकडे आणि एक उजवीकडे कलता केला. तरी त्यांचे समाधान होईना. मुंबईच्या करवतीला पात्यामागे एक पातळ पोलादी पट्टी होती. ती चिरेत शिरून लाकूड मिटू देत नसे. माझी पट्टी मालगाडीत कोठे पडली, देव जाणे. ती बसत होती कोठे, हे शोधता शोधता त्यांचा हात पात्यामागच्या दोन खळग्यांपाशी थबकला. देवानेच हे करंडे कोरले आहेत, अशा श्रद्धेने सुभद्राबाई दर खंडेनवमीला एकात हळद आणि दुसऱ्यात कुंकू तेलात कालवून भरीत.

"बाई, इथं काहीतरी बसत असणार. पण ही तुमची पूजा आहे. मी खरवडणार नाही."

"पूजा करवतीची आहे मिस्त्री, खड्ड्यांची नव्हे. दाभण द्या इकडे."

त्या स्वतः माझ्यापाशी बसल्या. लाखेसारखा घट्ट झालेला थर खपल्यांनी निघाला आणि खाली बोल्टाचे आटे चमकू लागले. त्यांनी त्यांवरून बोट फिरवले.

"म्हणजे दरसाल मीच ही भोकं बुजवीत आले."

मिस्त्री हलकेच म्हणाले, "तुमच्या तेलामुळंच आटे शाबूत राहिले, बाई."

"माझी समजूत घालू नका. पट्टी कधी होईल?"

मिस्त्रींनी एका मोडक्या करवतीच्या पात्यातून पट्टी कापून बसवली. आठव्या दिवशी सगळे गडी जमले. सोपानराव घण घेऊनच आले होते. सुभद्राबाई सर्वांसमोर उभ्या राहिल्या.

"सयाजी, तू लाकूड सरळच लोटलं होतंस. वाकडं बोलले ती मी. त्या पट्टीची जागा बुजवली, तीही मीच."

"मग वैनी, हा घण आता कुणावर घालायचा?" सोपानराव म्हणाले.

"तुमच्या जिभेवर घातला असता भावोजी, पण घणच मोडायचा."

गडी तोंडाला पंचा लावून हसले. मिस्त्रींनी तशीच एक ओली बाभूळ माझ्यावर लोटली. तिच्या दोन बाजू मिटू पाहत होत्या, पण त्यांच्या मध्ये पट्टी ठाम उभी राहिली आणि मी पार निघून गेले. सयाजी पुढे सरसावला, तेव्हा सुभद्राबाईंनी काठी आडवी धरली.

"बरगड्या जुळेपर्यंत नुसतं बसून बघायचं. तुझी जागा कुठं जात नाही."

मित्रांनो, आज मी म्हातारी झाले आहे, पण माझ्या आट्यांत अजून तेल आहे. आपल्या वस्तूंवर माया करा, त्यांचा गंज पुसा. परंतु त्यांचा कोणता अवयव कशासाठी आहे, हेही समजून घ्या. न समजल्यास जाणत्यास विचारा. आणि दोष आपला निघाला, तर ज्याला बोल लावला त्याच्यापुढे उभे राहून तो सांगा. सुभद्राबाईंसारख्या मानी बाईला ते जमले. तुम्हांला न जमायला काय झाले?